अनुभवाची मान्यता आणि मान्यतेची परीक्षा : पूर्वज्ञान-मान्यतेच्या संकल्पनेची मराठी साहित्याच्या आधारे चिकित्सा

सारांश

औपचारिक शिक्षणाबाहेर मिळविलेल्या कौशल्याला व अनुभवाला प्रमाणपत्र, श्रेयांक किंवा पदवी यांच्या रूपाने मान्यता देण्याच्या पद्धतीला प्रस्तुत लेखात ‘पूर्वज्ञान-मान्यता’ असे म्हटले आहे. भारतात २०१५ पासून ही पद्धत शासकीय योजनांचा भाग झाली. या लेखात बहिणाबाई चौधरी, नारायण सुर्वे आणि लक्ष्मण माने यांच्या लेखनाच्या आधारे या संकल्पनेची चिकित्सा केली आहे. मान्यतेची प्रचलित प्रक्रिया कौशल्यापेक्षा कौशल्याविषयी परीक्षकाच्या भाषेत बोलण्याची क्षमता अधिक मोजते. म्हणून उमेदवाराइतकीच मान्यता देणाऱ्या संस्थेचीही परीक्षा व्हावयास हवी, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : पूर्वज्ञान-मान्यता, अनुभव, कौशल्य, प्रमाणपत्र, आत्मकथन, व्यवसायभाषा.

प्रस्तावना

शिक्षण आणि शाळा हे दोन शब्द आज आपण जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः समाजातील बहुसंख्य माणसे आपले काम शाळेबाहेरच शिकलेली असतात. गवंडी गवंड्याच्या हाताखाली शिकतो, सुईण अनुभवी सुईणीबरोबर वावरून शिकते, मोटार दुरुस्त करणारा मुलगा गॅरेजमध्ये शिकतो. या शिक्षणाला अभ्यासक्रम नसतो. परंतु क्रम असतो. त्याला परीक्षा नसते. परंतु कसोटी असते, आणि ती रोजची असते. भिंत ओळंब्यात नसेल तर ती ज्याला शिक्षणाचा गंध नाही त्यालाही दिसते. तरीही नोकरीचा अर्ज भरताना या माणसाला ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यापुढे आडवी रेघ ओढावी लागते. ही रेघ पुसण्याचा प्रयत्न म्हणजे पूर्वज्ञान-मान्यता होय.

या विषयाची चर्चा सामान्यतः शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र व व्यवस्थापन या विद्याशाखांत होते. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यात भाग घेण्याचे कारण असे की, शाळेबाहेरच्या ज्ञानाला मान्यता देण्याचा प्रश्न मराठी साहित्यव्यवहाराने या योजनांच्या फार पूर्वी हाताळला आहे. निरक्षर कवयित्री, गिरणीकामगाराच्या घरात वाढलेला कवी आणि भटक्या जमातीतील आत्मकथनकार यांना साहित्यिक म्हणून मान्यता देताना मराठी समीक्षेने परीक्षकाची भूमिका बजावली. ती भूमिका कशी बजावली गेली, हे पाहिले असता आजच्या मान्यता-प्रक्रियेतील काही दोष स्पष्ट होतात.

१. संकल्पनेची घडण

फ्रान्समध्ये १९३४ च्या कायद्याने स्वयंशिक्षित तंत्रज्ञांना राज्याकडून अभियंता ही उपाधी मिळविण्याचा मार्ग खुला केला. अमेरिकेत १९४२ साली, युद्धामुळे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या सैनिकांसाठी समकक्षतेची परीक्षा तयार करण्यात आली. पुढे १७ जानेवारी २००२ च्या कायद्याने फ्रान्सने अनुभवाच्या आधारे संपूर्ण पदवी किंवा पदविका मिळविण्याचा हक्क प्रस्थापित केला. त्यासाठी प्रारंभी तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती. २०१६ मध्ये ती एक वर्षावर आली आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्याने किमान कालावधीची अटच काढून टाकण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत या संकल्पनेला वेगळा अर्थ प्राप्त झाला. वर्णभेदी राजवटीने ज्यांना शिक्षण नाकारले त्यांच्या ज्ञानाची भरपाई करण्याचे ते एक साधन मानले गेले, आणि १९९५ च्या कायद्यानंतर उभारलेल्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यात तिला स्थान मिळाले.

भारतात २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि पूर्वज्ञान-मान्यतेला चौकट मिळाली. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजेच ‘आरपीएल’, हा स्वतंत्र घटक ठेवण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात संबंधित कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची तरतूद आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना प्रमाणपत्र व ओळखपत्र, अल्पमुदतीचे प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज अशा तरतुदी आहेत.

या सर्व प्रयत्नांमागील हेतू स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नसून रीतीचा आहे. कोणते ज्ञान मान्य होते, ते कोणाच्या भाषेत मांडावे लागते आणि मान्यतेनंतर माणूस कोठे पोहोचतो, या तीन प्रश्नांचा विचार पुढे तीन साहित्यिकांच्या संदर्भात केला आहे.

२. ‘असूनही’ या शब्दाचा अर्थ : बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात व शेतात काम करताना त्यांनी रचलेल्या ओव्या घरातील साक्षर मंडळींनी टिपून ठेवल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली, पुत्र सोपानदेव चौधरी यांच्या प्रयत्नाने व आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने, ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यानंतर या कवितेने पाठ्यपुस्तकांपासून विद्यापीठीय अभ्यासक्रमांपर्यंत मजल मारली. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिला शाळेची पायरी चढता आली नाही त्या स्त्रीचे नाव आज त्या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवी-प्रमाणपत्रावर असते. पूर्वज्ञानाला मिळालेली याहून मोठी मान्यता मराठीत दाखविता येणार नाही.

तथापि या मान्यतेची भाषा तपासून पाहण्याजोगी आहे. बहिणाबाईंविषयीच्या लेखनात ‘निरक्षर असूनही’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. या ‘असूनही’मध्ये कौतुक आहे, परंतु त्यात एक गृहीतही दडलेले आहे. ज्ञान हे साक्षरतेतूनच येते, म्हणून निरक्षर स्त्रीजवळ ते आढळले तर तो चमत्कार समजावा, असे ते गृहीत होय. वास्तविक पेरणीपासून उपणणीपर्यंतची शेतीतील कामे हा बहिणाबाईंच्या अनेक रचनांचा विषय आहे. त्यांतील निरीक्षण हे हंगामामागून हंगाम हाताने केलेल्या कामातून आलेले आहे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याशी आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जपलेल्या मौखिक परंपरेशी बांधलेली आहे. म्हणजे बहिणाबाई अशिक्षित नव्हत्या. त्यांचे शिक्षण एका वेगळ्या, दीर्घ आणि शिस्तबद्ध परंपरेत झाले होते. चमत्काराच्या भाषेत ही परंपरा अदृश्य होते. एका व्यक्तीला गौरव मिळतो आणि ज्या असंख्य जणी त्याच परंपरेत शिकल्या त्या पूर्वीप्रमाणेच अडाणी ठरतात.

दुसरी गोष्ट मध्यस्थाची. बहिणाबाईंना साक्षर पुत्र लाभला आणि त्या पुत्राला साहित्यक्षेत्रात वजन असलेला पुरस्कर्ता लाभला. या दोन दुव्यांपैकी एक जरी नसता तरी ही गाणी त्यांच्याबरोबरच संपली असती. आजच्या मान्यता-योजनांतही हाच प्रश्न आहे. नोंदणी, कागदपत्रे, परीक्षेची तारीख, निकाल या साखळीत प्रत्येक ठिकाणी कोणीतरी साक्षर मध्यस्थ लागतो. ज्याला तो लाभत नाही त्याचे कौशल्य मोजलेच जात नाही. त्यामुळे अशा योजनांत उत्तीर्णांची संख्या हे यशाचे पुरेसे गमक होऊ शकत नाही. दारापर्यंत कोण पोहोचू शकले नाही, याचीही नोंद व्हावयास हवी.

३. समकक्षता की स्वतंत्र विद्यापीठ : नारायण सुर्वे

नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांना गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने सांभाळले. बालपणापासून त्यांनी मुंबईत मिळेल ती कामे केली. महापालिकेच्या शाळेत शिपाई असताना ते व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे शिक्षक झाले. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या काव्यसंग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ असे आहे. मॅक्सिम गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाचे नाव ‘माझी विद्यापीठे’ असे आहे, हे येथे आठवते. शिकण्यासाठी काझानला गेलेल्या गॉर्कीला विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही आणि बेकरीत राबावे लागले. दोन्ही शीर्षकांत उपरोधाची छटा असली तरी सुर्व्यांचा भर उपरोधावर नाही. कामगारवस्ती, रस्ता, कारखाना आणि चळवळ यांना ते विद्यापीठ म्हणतात तेव्हा ते शब्दशः तसेच म्हणत असतात, असे त्यांच्या कवितेचा एकूण सूर पाहता दिसते.

हा दावा पूर्वज्ञान-मान्यतेच्या दाव्याहून मूलतः निराळा आहे. मान्यता-योजना अनुभवी कामगाराला सांगते की, तुझ्याजवळ जे आहे ते आमच्या अभ्यासक्रमातील अमुक पातळीशी जुळते, म्हणून आम्ही ते मान्य करतो. येथे मोजपट्टी अभ्यासक्रमाची असते. अनुभवाचा जेवढा भाग तिच्याशी जुळतो तेवढाच ज्ञान ठरतो आणि उरलेला गळून पडतो. सुर्व्यांची कविता समकक्षता मागत नाही. कारखान्यात जे शिकता येते ते अन्यत्र शिकता येत नाही, असे ती सुचविते. कामगाराला यंत्राबरोबर सहकाऱ्याचा स्वभाव, मुकादमाची चाल, संपातील एकजूट आणि उपासमारीतील संयम यांचेही ज्ञान होते. कोणत्याही कौशल्य-पात्रतेच्या तक्त्यात या ज्ञानाला रकाना नाही. मराठी कविता मात्र या ज्ञानाने बदलली. नव्या विषयाबरोबर नवा शब्दसंग्रह आला, बोलण्याच्या जवळ जाणारी लय आली आणि कवितेविषयीच्या समीक्षेच्या अपेक्षांनाही फेरविचार करावा लागला. येथे परीक्षार्थ्याने परीक्षकाचा अभ्यासक्रम बदलला, असे म्हणता येईल.

असे असले तरी सुर्व्यांच्या जीवनातील दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. शिपायाचा शिक्षक होण्यासाठी त्यांना ‘माझे विद्यापीठ’ उपयोगी पडले नाही. व्हर्नाक्युलर फायनल उपयोगी पडली. कागदाचे महत्त्व नाकारून गरिबाचे पोट भरत नाही. प्रमाणपत्राविषयी तुच्छता बाळगणे हे ज्यांच्याजवळ प्रमाणपत्रे आहेत त्यांनाच परवडते. ज्यांच्या एका संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’ आहे त्याच कवीच्या दुसऱ्या एका संग्रहाचे नाव ‘सनद’ आहे. अधिकार देणाऱ्या कागदाची गरज आणि त्या कागदाच्या अपुरेपणाची जाणीव या दोहोंना एकाच वेळी धरून ठेवणे आवश्यक आहे, याचे स्मरण ही दोन शीर्षके करून देतात.

४. मान्यता की बंधन : ‘उपरा’

लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ हे आत्मकथन १९८० साली प्रसिद्ध झाले आणि १९८१ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातील, गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या आणि टोपल्या, कणग्या विणून पोट भरणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या शिक्षणाची ही कहाणी आहे. या ग्रंथाकडे सामान्यतः जात, भटकेपण आणि जातपंचायत यांच्या संदर्भात पाहिले जाते. पूर्वज्ञान-मान्यतेच्या दृष्टीने पाहिल्यास त्यातील आणखी एक ताण लक्षात येतो. फोक निवडणे, तासणे, भिजवणे आणि विणणे या कामांत या समाजाचे पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. शाळेत त्या ज्ञानाला जागा नाही. मुलगा जसजसा शाळेत पुढे जातो तसतसा तो त्या ज्ञानापासून दूर जातो, आणि विणकामात हात गुंतला तर शाळा बुडते. घरचे शिक्षण आणि शाळेचे शिक्षण ही एकमेकांची किंमत वसूल करतात.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया व झाडू तयार करणाऱ्यांचा समावेश आहे. म्हणजे ‘उपरा’मधील पित्याच्या कौशल्याला आज प्रमाणपत्र मिळू शकेल. ही गोष्ट छोटी नाही. पण ‘उपरा’मधील कुटुंबाची आकांक्षा काय होती, हे विसरता येत नाही. अधिक चांगल्या टोपल्या विणता याव्यात यासाठी मुलाला शाळेत घातले नव्हते. जन्माने वाट्याला आलेल्या व्यवसायातून बाहेर पडण्याची वाट मिळावी, ही त्यामागील तळमळ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेची आर्थिक बाजू तपासताना, व्यवसायाची निवड व्यक्तीच्या हाती राहत नाही या दोषावर बोट ठेवले होते. ज्या समाजात कौशल्य जातीबरोबर वारशाने येते तेथे कौशल्याची मान्यता ही जातीने नेमून दिलेल्या कामाचीच मान्यता होण्याचा धोका असतो. हा धोका केवळ तात्त्विक नाही. तामिळनाडू शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर ही योजना सध्याच्या स्वरूपात राबविण्यास नकार कळविला आणि कुटुंबाच्या पारंपरिक व्यवसायाची अट काढण्याची मागणी केली.

म्हणून मान्यतेचे मूल्य ती माणसाला कोठे नेते यावरून ठरवावे लागते. टोपली विणणाऱ्याचे प्रमाणपत्र केवळ टोपल्यांच्याच कर्जापर्यंत नेत असेल तर ते साहाय्य आहे, परंतु ती शैक्षणिक पात्रता नव्हे. त्याच प्रमाणपत्रातील श्रेयांकांच्या बळावर त्याला वस्तुरचना, वनस्पतिशास्त्र, व्यापार किंवा अध्यापन यांपैकी एखाद्या अभ्यासक्रमात प्रवेश घेता आला तर त्याला पात्रता म्हणता येईल. २०२३ च्या श्रेयांक आराखड्याने हे शक्य असल्याचे कागदावर मान्य केले आहे. महाविद्यालयांच्या प्रवेशखिडकीपर्यंत हे शक्य पोहोचविणे हे आता आपल्यासारख्या संस्थांचे काम आहे.

५. निवेदनाची परीक्षा

फ्रान्समधील पद्धतीत उमेदवाराला आपल्या कामाचे सविस्तर लेखी वर्णन सादर करून परीक्षक-मंडळापुढे मुलाखतीस जावे लागते. काय केले, का केले, अडचण आली तेव्हा कोणता निर्णय घेतला, हे त्याला शब्दांत मांडावे लागते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर प्रत्येक उमेदवाराला छोटेसे आत्मकथन लिहावे लागते. ज्याचे हात बोलतात परंतु शब्द अडखळतात तो उमेदवार येथे मागे पडतो. मराठी साहित्याला हा अनुभव नवा नाही. साठोत्तरी काळात दलित व भटक्या समाजांतील अनेकांचे जीवन साहित्यात आले. पण ते ज्यांना लिहिता आले त्यांच्याद्वारे आले. ‘उपरा’ लिहिणारा मुलगा शिकला म्हणून पित्याचे कौशल्य वाचकांपर्यंत पोहोचले.

भारतीय योजनेत लेखी निवेदनाचा भार तुलनेने कमी आहे, परंतु तो वेगळ्या रूपात उपस्थित आहे. २०१६ ते २०२० या टप्प्यातील आरपीएलमध्ये मूल्यमापनापूर्वी किमान बारा तासांचे उद्बोधन ठेवले होते आणि त्यातील काही वेळ परीक्षापद्धतीची ओळख करून देण्यासाठी राखून ठेवला होता. वीस वर्षे केलेल्या कामाची परीक्षा देण्यापूर्वी परीक्षा कशी द्यावी हे शिकावे लागते, यातच प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट होते. उदाहरणार्थ, ओळंबा, थापी, गिलावा, दर्जा भरणे हे शब्द गवंड्याच्या हातात असतात. प्रश्नपत्रिकेत हेच विषय इंग्रजी संज्ञांच्या किंवा कोशातून उचललेल्या संस्कृतप्रचुर पर्यायांच्या रूपाने आले तर त्याला प्रश्नच कळणार नाही, आणि त्याला काम येत नाही असा निष्कर्ष काढला जाईल. अशा वेळी परीक्षा कौशल्याची न होता अनुवादाची होते.

६. काही आक्षेपांचा विचार

अनुभवाला सरसकट मान्यता दिल्यास शिक्षणाचा दर्जा खालावेल, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. जॉन ड्यूई यांनी १९३८ साली ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’मध्ये प्रत्येक अनुभव सारखाच शिक्षणप्रद नसतो, असे दाखवून दिले. काही अनुभव पुढील वाढ खुंटवितात. अर्थिंगशिवाय वायरिंग करण्याची सवय वीस वर्षांची असली तरी ती चुकीचीच, आणि तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या जिवाने द्यावी लागते. तेव्हा मूल्यमापन नको, असे कोणी म्हणणार नाही. मात्र ते प्रत्यक्ष कामाचे असावे, आणि उणीव आढळल्यास उमेदवाराला परत न पाठविता तेवढाच भाग शिकविणारा पूरक अभ्यासक्रम मिळावा.

दुसरा आक्षेप कायदेशीर स्वरूपाचा आहे. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या मार्गाने, शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांसाठी पदवीचे दार उघडले. गृहिणी, कामगार, पोलीस शिपाई अशा अनेकांना त्यामुळे शिक्षणाची दुसरी संधी लाभली. दुसरीकडे मूलभूत पदवीशिवाय मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदव्युत्तर पदवी नेमणुकीसाठी ग्राह्य धरता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अन्नामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, प्रवेश देणारी संस्था आणि नेमणूक करणारी संस्था यांचे निकष जुळले नाहीत तर त्यांतील दरीत विद्यार्थी पडतो. त्याचे श्रम, शुल्क आणि वर्षे परत मिळत नाहीत. म्हणून कोणतीही मान्यता जाहीर करताना ती कोणत्या नेमणुकीसाठी व कोणत्या पुढील शिक्षणासाठी ग्राह्य आहे, हे उमेदवाराला प्रवेशापूर्वी लेखी सांगणे बंधनकारक असावे.

येथे उच्च शिक्षणक्षेत्राने स्वतःच्या व्यवहाराकडेही पाहावयास हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने, औपचारिक पदवीची अट न ठेवता, पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकांना अध्यापनासाठी नेमण्याची सोय केली. त्यात वरिष्ठ पदावरील अनुभवाला प्राधान्य आहे. म्हणजे मोठ्या कंपनीतील अधिकाऱ्याचा अनुभव प्राध्यापकपदापर्यंत नेतो, आणि कुंभाराचा तेवढाच दीर्घ अनुभव कर्जापर्यंत नेतो. त्याच वर्षीच्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद झाली. तिच्यासाठी केलेल्या अभ्यासात त्यामुळे काही कमी झाले नाही. बदलले ते तिचे व्यवस्थेतील स्थान. पात्रतेचे मूल्य ज्ञानाइतकेच ते ठरविणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, हे ज्या अध्यापकवर्गाने स्वतः अनुभवले आहे त्याने कारागिराच्या पात्रतेविषयी अधिक समजूतदार असावे, ही अपेक्षा गैर नाही.

७. मराठी विभागांपुढील काम

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात ग्रामीण व्यवसाय, बलुतेदारी आणि त्यांतील व्यवहार यांची नोंद केली. एका महसुली अधिकाऱ्याने एकट्याने केलेले हे काम आहे. आज जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये आहेत आणि त्यांत मराठीचे विभाग आहेत. गवंडी, सुतार, लोहार, शिंपी, कोळी, कुंभार, बुरूड यांच्या व्यवसायभाषेचा संग्रह विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून करता येईल. सुताराचे रंधा, वाकस, पटाशी हे शब्द आणि त्यांच्याशी निगडित क्रिया नोंदविल्या तर त्या सुताराच्या मूल्यमापनाच्या प्रश्नांत वापरता येतील. असा संग्रह भाषेच्या अभ्यासाला उपयुक्त आहेच, पण त्यामुळे परीक्षकाला उमेदवाराची भाषा शिकावी लागेल, हा त्याचा अधिक मोठा लाभ होय. मूल्यमापन-मंडळात त्या व्यवसायातील किमान एक अनुभवी कारागीर असावा, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याचे निवेदन ध्वनिमुद्रित करून पुरावा म्हणून स्वीकारावे, या दोन सूचनाही येथे कराव्याशा वाटतात. बहिणाबाईंची गाणी घरच्यांनी टिपून घेतली होती. ते टिपून घेण्याचे काम आता संस्थेने स्वीकारावे, एवढाच याचा अर्थ.

समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. बहिणाबाईंच्या उदाहरणावरून दिसते की, ज्ञानाला चमत्कार मानून दिलेली मान्यता व्यक्तीला उंच करते आणि तिच्या परंपरेला अंधारात ठेवते. सुर्व्यांच्या कवितेवरून दिसते की, अनुभवातून आलेले ज्ञान अभ्यासक्रमाशी जुळवून घेण्यापुरते मर्यादित नसते. वाव मिळाल्यास ते अभ्यासक्रमालाच बदलू शकते. ‘उपरा’वरून दिसते की, जुन्या कामाची मान्यता नव्या कामाची वाट उघडत नसेल तर ती बंधन ठरू शकते.

पूर्वज्ञान-मान्यतेची कल्पना लोकशाही समाजाला शोभणारी आहे. तिचे यश वाटलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येवरून मोजले जाऊ नये. प्रमाणपत्र मिळालेल्या किती जणांची मजुरी वाढली, किती जणांना पुढील अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला आणि त्यांच्या ज्ञानामुळे किती अभ्यासक्रमांत बदल झाला, या निकषांवर ते मोजले जावे. यांतील शेवटचा निकष सर्वांत कठीण आहे. कारण त्यात परीक्षा उमेदवाराची नसून आपली, म्हणजे शिकविणाऱ्यांची आणि मान्यता देणाऱ्यांची आहे.